शनिवारी बंद

जुन्या कुलाबा जिल्ह्यात तेल्यांची ओळख वारावरून पटायची. सोमवार तेली शंकराचे भक्त. शंकराच्या वारी नंदीच्या मानेवर जू ठेवायचं नाही, म्हणून त्यांचा घाणा सोमवारी बंद. शनिवार तेली शुक्रवारी सूर्य कलला की बैल सोडायचे आणि शनिवारी रात्री आभाळात चांदण्या दिसेपर्यंत घाण्याला हात लावायचे नाहीत. हे शनिवार तेली म्हणजे बेने इस्रायली, कोकणातले ज्यू. गावाला त्यात नवल वाटत नसे. कोणाचा सोमवार, कोणाचा शनिवार. तेल मिळाल्याशी कारण.

आज त्याच जिल्ह्यातलं अलिबाग हे सबंध गावच शनिवारावर जगतं. शुक्रवारी संध्याकाळी मुंबई-पुण्याच्या गाड्या वडखळच्या नाक्यावर तुंबतात, शनिवारी सकाळी मांडव्याला लाँचमागून लाँच लागते आणि रविवारी रात्री सगळं रिकामं होतं. खोल्या, खाणावळी, घोडागाड्या, पांढऱ्या कांद्याच्या माळा, शहाळी, सगळ्यांचा आठवड्याचा हिशोब या दोन दिवसांत बसतो. ज्या घराण्यांनी या गावात शनिवार सोडून सहा दिवस धंदा केला, त्यांचं अशा गावात काय झालं असेल, हे बघायला मी अलिबागला गेले.

ते कुतूहल लावलं आमच्या दहिसरच्या इमारतीतल्या एका आजींनी. जन्म अलिबागच्या इस्रायल आळीतला, लग्न ठाण्यात, आणि आता मुलाकडे दहिसरला, कांदरपाड्याच्या बाजूला. सणावाराला घोडबंदर रोडची बस धरून ठाण्याच्या सिनेगॉगला जातात. ते ‘शाआर हशामाईम’ 1879 सालचं, आणि मुंबईबाहेर पडलेल्या बेने इस्रायली कुटुंबांचा मोठा गोतावळा आज ठाण्यातच आहे. आजींचं मराठी अस्सल अष्टागरातलं. ‘आमच्या बाबांचा घाणा होता’ हे त्या अशा सुरात सांगतात की एखाद्याने वाडा होता म्हणावं. मी निघाले तेव्हा म्हणाल्या, “जातेस तर शनिवारची जाऊ नको गो. गर्दीत तुला गाव दिसायचं नाही, नि आमच्या माणसांना तुझ्याशी बोलता यायचं नाही.”

म्हणून मधल्या वारी निघाले. दहिसरहून पहाटेची चर्चगेट लोकल, तिथून गेटवे आणि गेटवेहून मांडव्याची लाँच. पीएनपी, मालदार, अजंठा अशा कंपन्यांच्या लाँच आहेत. तासाभराचं पाणी आणि पुढे अलिबागपर्यंतची बस त्याच तिकिटात. पावसाळ्यात ही सेवा बंद असते, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून निघणारी रो-रो कामाला येते. ती 2020 च्या मार्चमध्ये सुरू झाली आणि तीत मोटारही चढवता येते. आजींच्या लहानपणी यातलं काही नव्हतं. भाऊच्या धक्क्यावरून लाँच रेवसला जायची, रेवसहून एसटी. उन्हाळ्यात ती एसटी पाहुण्यांनी भरून यायची आणि आळीतली पोरं स्टँडवर जाऊन कोणाचा पाहुणा कोण, हे ओळखायचा खेळ खेळायची.

मांडव्याहून बस अलिबागकडे निघाली की उजव्या हाताला समुद्राच्या बाजूची गावं लागत जातात आणि त्यांच्या पाट्या वाचताना आडनावांची यादी वाचल्यासारखं होतं. किहीमवरून किहीमकर, नवगाववरून नवगावकर, थळवरून थळकर. आणखी आत गेलं की झिराडकर, पेझारकर, दिघोडकर, दिवेकर, चेऊलकर. जे गाव तेच आडनाव, ही कोकणची रीत या लोकांनी इतकी अंगी बाणवली की शंभरेक गावांची नावं आज इस्रायलमध्ये दिमोना आणि अश्दोदच्या घरांच्या दारांवर सापडावीत.

किहीम हे या किनाऱ्यावरचं हौशी लोकांचं जुनं ठिकाण. मुंबईच्या तय्यबजी कुटुंबाचं इथे घर होतं आणि सलीम अलींनी 1930 मध्ये सुगरणीच्या वसाहतीचा प्रसिद्ध अभ्यास याच किहीममध्ये राहून केला. म्हणजे मुंबईकराने उन्हाळा काढायला इथे येणं हे फार्महाउसच्या जाहिरातींच्या कितीतरी आधीचं आहे. किहीमचंच आडनाव लावणारा हाईम सॅम्युएल किहीमकर. त्याने मुंबईत 1875 मध्ये आपल्या समाजासाठी शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. बेने इस्रायलींचा मोठा इतिहास त्याने 1897 मध्ये लिहून पुरा केला, पण तो छापला गेला 1937 मध्ये, तेल अवीवला. लेखक तोवर हयात नव्हता. शनिवार तेल्यांविषयी आज जे काही लिहिलं-बोललं जातं, त्यातलं बरंचसं या एका पुस्तकातून आलेलं असतं.

नवगावला उतरले. समाजाची परंपरा सांगते की फार पूर्वी इथे समोरच्या समुद्रात एक गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि वाहून आलेले मृतदेह याच किनाऱ्यावर पुरले. पुरुषांचा एक ढिगारा, बायकांचा एक. तिथे आता स्मारकाचा स्तंभ आहे, आजूबाजूला जुनी दफनभूमी. हे नेमकं कोणत्या शतकातलं, यावर विद्वानांचं एकमत नाही आणि मला त्या वादात शिरायचं नाही. मला त्या कथेतला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. या माणसांची पुस्तकं समुद्रात गेली, भाषा गेली, बहुतेक प्रार्थना गेल्या. राहिलं ते मुलांची सुंता, खवल्याचा मासा आणि शनिवारची सुट्टी. डेव्हिड राहाबी नावाचा एक परका ज्यू पुढे इथे आला तेव्हा त्याने बायकांपुढे माशांची टोपली ठेवली म्हणतात. त्यांनी पर आणि खवलं असलेला मासा तेवढा वेगळा काढला आणि त्याला खूण पटली. म्हणजे जे टिकलं ते स्वयंपाकघरात आणि घाण्यावर टिकलं. धर्मशास्त्र मागाहून आलं.

अलिबाग हे शहर कान्होजी आंग्र्यांच्या काळात वाढलं. समोरच्या पाण्यातला कुलाबा किल्ला शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये बांधायला घेतलेला. ब्रिटिशांनी आंग्र्यांचं राज्य 1840 मध्ये खालसा केलं आणि जिल्ह्याची कचेरी इथे आली. गावाचं नाव ज्याच्या बागेवरून पडलं तो अली कोण, यावर दोन मतं आहेत. जुन्या गॅझेटियरच्या मते तो विहिरी आणि बागा केलेला श्रीमंत मुसलमान. बेने इस्रायलींच्या मते तो त्यांचाच एली. बाग मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहे. त्या बागेचं नाव घेऊन ‘अलिबागसे आया है क्या’ असं मुंबईत म्हणायची पद्धत पडली आणि एका अलिबागकराला ती इतकी लागली की 2019 मध्ये प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयाने याचिका फेटाळली. विनोद सगळ्याच गावांवर होतात, असा एकूण सूर होता.

इस्रायल आळी बाजारापासून जवळ आहे. सिनेगॉग ‘मागेन आबोथ’, मूळ 1848 चं, पुन्हा बांधलं 1910 मध्ये. आत गेल्यावर तोराह हा धर्मग्रंथ ठेवायची जागा पश्चिमेच्या भिंतीला, कारण इथून जेरुसलेम पश्चिमेला. मधोमध प्रार्थना चालवणाऱ्याचा चौथरा, वर बायकांचा सज्जा आणि बाजूला एलियाहू हनाबीची, म्हणजे प्रेषित एलियाहूची, रिकामी खुर्ची. तान्ह्या मुलाची सुंता तिच्यापाशी होते. सामूहिक प्रार्थनेला निदान दहा पुरुष लागतात. आळीतल्या घरांवरून मी मनातल्या मनात दहा मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. सणाच्या दिवशी मुंबई-ठाण्याहून माणसं येतात तेव्हा प्रश्न नसतो.

आजींच्या बाबांचं घर याच आळीत होतं. पुढे दुकान, मधे राहतं घर, मागच्या पडवीत घाणा. आजींच्या आठवणीत घाण्याचा आवाज सगळ्यात आधी येतो: लाट उखळात फिरताना होणारी कुरकुर, आणि बैल थांबून ती बंद पडली की घरात कोणीतरी हाक मारायचंच. बैलाच्या डोळ्यांना झापड. तीळ, खोबरं, कधी कारळे. एक घाणा निघायला दोन-अडीच तास लागायचे. तेल दुकानात, पेंड गोठेवाल्यांना. आगरी-कोळी बायका खोबरेल न्यायला यायच्या त्या बदल्यात सुकी मासळी ठेवून जायच्या आणि त्यातली बिनखवल्याची आजी मुकाट्याने शेजारी द्यायच्या.

शुक्रवारी दुपारपासून घरात घाई. दोन दिवसांचं जेवण करून ठेवायचं, दिव्यात तेल घालून ठेवायचं, बैलाचं वैरण-पाणी करायचं. बैलालाही शनिवारी सुट्टी हा धर्माचाच हुकूम आहे, माणसाच्या कनवाळूपणावर सोडलेली गोष्ट नव्हे. शनिवारी गिऱ्हाईक आलंच तर बाबा ओसरीवर बसून नुसते हात जोडायचे. “लोकांना ठाऊक असायचं,” आजी म्हणाल्या. “शुक्रवारीच जास्तीचं नेऊन ठेवायचे.”

घाणा आजींच्या वडिलांच्या हयातीतच थांबला. त्याची कारणं घरातली नव्हती. रॉकेल आलं तेव्हा दिव्याचं तेल गेलं. गिरणीचं तेल आलं तेव्हा खायचं गेलं. बहुतेक बेने इस्रायलींनी तेल त्याही आधी सोडलं होतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून माणसं मुंबईला जात होती, कंपनीच्या पलटणीत भरती होत होती, सुतारकाम, कचेऱ्या, पुढे रेल्वे आणि पोस्ट. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग 1796 मध्ये सॅम्युएल इझिकिएल दिवेकर या पलटणीतल्या अधिकाऱ्यानेच बांधलं. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं, आणि आपल्याच धर्मग्रंथाची भाषा हे लोक मराठीच्या आधाराने पुन्हा शिकले. मुंबईचे 1937 चे महापौर डॉ. ई. मोझेस याच समाजातले; वरळीच्या त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांपैकी कितीजणांना हे माहीत असेल, देव जाणे. अलिबागला घाणा धरून राहिलेले म्हणजे उरलेले.

मग सोडा आला. आजींच्या काकांनी गोटीच्या बाटल्यांचा सोडा सुरू केला. ती बाटली हायरम कॉड या इंग्रजाने 1872 मध्ये काढली आणि कोकणातल्या पोरांनी ती जगातल्या कोणापेक्षाही जास्त फोडली असेल, गोटीसाठी. लिंबू, जिंजर आणि लालभडक रासबेरी. गिऱ्हाईक कोण? मला वाटलं होतं समुद्रावर आलेले पाहुणे. आजी हसल्या. “पाहुणे चार महिन्यांचे. बारमाही म्हणजे कोर्टातले.”

हे माझ्या ध्यानातच नव्हतं. अलिबाग जिल्ह्याचं ठिकाण. जमिनीचे, कुळांचे, वाटण्यांचे दावे लढवायला महाड, पोलादपूर, म्हसळ्यापासून माणसं यायची. तारीख पडली की मुक्काम. समुद्रकिनाऱ्याच्या गावातले पहिले मुक्कामी हे हौशी नव्हते, वैतागलेले होते. त्यांच्यासाठी आजींच्या आईने घाण्याची पडवी झाडून दोन खोल्या केल्या आणि जेवणासकट भाड्याने दिल्या. उन्हाळ्यात त्याच खोल्या मुंबईकरांना. पाटी कधी लावली नाही.

त्या खोल्यांचे नियम पाहुण्यांना आधी सांगावे लागत. जिताडा मिळेल, सुरमई मिळेल. कोलंबी, चिंबोऱ्या, तिसऱ्या मिळणार नाहीत. अलिबागला येऊन कोलंबी नाही म्हटल्यावर माणूस दचकायचाच. मटण धर्माप्रमाणे कापलेलं असेल त्याच दिवशी. आणि मटण खाल्लं की लगेच दुधाचा चहा नाही, कारण मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. महाडचे एक वकील दर तारखेला यावरून आजींच्या आईशी वाद घालायचे आणि दर तारखेला तिथेच उतरायचे. कालवणाला जो दाटपणा लागतो तो नारळाच्या दुधाने. खरं तर ज्यूंनी शोधून काढावं असं कोकण त्यांना आयतंच मिळालं होतं. नवीन वर्षाला चिकाचा हलवा व्हायचा, गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात घोटलेला. तो कोर्टवाल्यांनाही मिळायचा.

इथे मला अमेरिकेची गोष्ट आठवली. सॅराटोगा स्प्रिंग्ज हे तिकडचं श्रीमंतांचं हवापालटाचं गाव. तिथल्या ग्रँड युनियन हॉटेलने 1877 मध्ये जोसेफ सेलिग्मन या मोठ्या ज्यू सावकाराला खोली नाकारली, ज्यू म्हणून. असे दरवाजे बंद होत गेले तसे न्यूयॉर्कचे ज्यू कॅट्सकिल डोंगरात आपली स्वतःची हॉटेलं काढू लागले. ग्रॉसिंगर नावाच्या कुटुंबाने 1914 च्या सुमाराला शेतघरात पाहुणे ठेवायला सुरुवात केली आणि त्याचं अवाढव्य हॉटेल झालं. 1986 मध्ये ते बंद पडलं. तिथले पाहुणे ज्यू, मालक ज्यू, स्वयंपाक धर्माचा आणि शनिवार सगळ्यांचाच सुट्टीचा. आजींच्या आईच्या दोन खोल्यांत उलटं होतं. मालकीण तेवढी ज्यू, पाहुणे मराठे, आगरी, ब्राह्मण, बोहरी. कोणी दरवाजा लावला नव्हता, त्यामुळे वेगळं गाव वसवायची गरजही पडली नव्हती. पण म्हणूनच शनिवारचा भार एकट्या त्या घरावर होता. कॅट्सकिलमध्ये शनिवार हा धंद्याचा भाग होता. अलिबागला तो धंद्याचा तोटा होता.

हा तोटा जाणवायला वेळ लागला. कोर्टाची माणसं सोमवारी यायची, शुक्रवारी जायची. शनिवार बंद ठेवून काही बिघडत नव्हतं. साठच्या दशकात आजींचे थोरले भाऊ इस्रायलला गेले. तिथे काय वाट्याला आलं ते वेगळंच प्रकरण. तिकडच्या धर्मपीठाने बेने इस्रायलींशी लग्न लावण्याआधी त्यांच्या वंशाची तपासणी करा असं फर्मान काढलं, त्यावर आंदोलनं झाली आणि 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव केला. शतकानुशतकं शनिवार पाळून आलेल्यांना प्रमाणपत्र लागावं, याचा राग आजींच्या बोलण्यात अजून आहे. एरवी त्या कोणावर रागावत नाहीत.

मागे राहिलेल्या धाकट्या भावाकडे सोडा आणि खोल्या आल्या. आणि ऐंशीच्या दशकात गाव बदललं. कुलाबा जिल्ह्याचा 1981 मध्ये रायगड झाला, थळला खताचा मोठा कारखाना आला, रस्ते झाले, पगाराची माणसं आली, पाठोपाठ सुट्टीची माणसं. सोड्याला बाटलीबंद कंपन्यांनी मारलं. खोल्यांना मात्र मागणी चढली, आणि ती शनिवारचीच. शुक्रवारी रात्री दार ठोठावणाऱ्या कुटुंबाला नाही म्हणायचं, पैसे मोजून घ्यायचे नाहीत, वहीत नाव लिहायचं नाही. ज्यू धर्मशास्त्रात याला एक जुनी तोड आहे: दुसऱ्या धर्माचा भागीदार घ्यायचा आणि सुरुवातीलाच ठरवायचं की शनिवारचं काम आणि शनिवारचा नफा त्याचा, दुसऱ्या एखाद्या वाराचा आपला. भावाने आळीबाहेरचा एक शाळासोबती भागीदार घेतला. काही वर्षं ठीक चाललं. पण गावाची कमाई शनिवारकडे सरकत गेली तशी ती वाटणी दरवर्षी एकाच बाजूला जड होत गेली. भांडण झालं नाही. भागीदारालाच ओशाळं वाटू लागलं, असं आजी सांगतात. शेवटी खोल्या त्यालाच विकून भाऊ ठाण्याला बहिणीजवळ आला.

ती जागा मी बघितली. आता तिथे तीन मजले आहेत, खाली खाणावळ. फळ्यावर खडूने त्या दिवशीचे मासे लिहिले होते आणि पहिलं नाव कोलंबीचं होतं. मी जेवले. चांगलं होतं. गल्ल्यावरच्या मुलाला मी आधीच्या मालकांबद्दल विचारलं तर तो लगेच म्हणाला, “हो, तेली होते ते. आजोबांचे पार्टनर.” ज्यू हा शब्द त्याने वापरला नाही, त्याला ठाऊक नव्हता असं नाही, आळीत राहणाऱ्याला तो सांगावा लागत नाही.

सगळ्यांनीच विकलं असं मात्र नाही. आळीत आणि आसपासच्या गावांत थोडी घरं अजून आहेत. देशात स्वातंत्र्यानंतर बेने इस्रायली सुमारे वीस हजार होते, आता सगळे ज्यू मिळून पाच हजारांच्या आसपास. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये त्यांना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. तिकडे इस्रायलमध्ये ‘मायबोली’ नावाचं मराठी त्रैमासिक निघत आलं आहे, आणि सुट्टीला आलेली तिथली नातवंडं आता अलिबागचे पाहुणे होऊन हॉटेलात उतरतात.

परतताना वडखळच्या रस्त्याने आले, खंडाळ्याला थांबायचं म्हणून. हे घाटावरचं खंडाळा नव्हे, अलिबागजवळचं सागावचं. इथे कातळावर काही खुणा आहेत, त्या एलियाहू हनाबीच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या मानतात. जानेवारी-फेब्रुवारीत झाडांच्या नववर्षाच्या सणाला इथे समाजाची जत्रा असते आणि मलिदा होतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, सुका मेवा, वर फळं. मध्ये एक फूल, आणि एलियाहूच्या नावाची प्रार्थना. नवस फेडायला, लग्नाआधी, नव्या दुकानाच्या उद्घाटनालाही मलिदा घालतात. आजींच्या घरी सोड्याची पहिली बाटली भरली तेव्हा घातला होता, खोल्या भाड्याने दिल्या तेव्हा घातला होता आणि विकल्या त्या दिवशीही.

कोणाला जायचं असेल तर अलिबागहून रेवदंडाही जोडून करता येतो. तिथलं ‘बेथ एल’ 1842 चं आहे. पनवेलचं 1849 चं. सिनेगॉग बघायला आधी कळवून जावं, ओळखपत्र जवळ ठेवावं, पुरुषांनी डोकं झाकावं. बुधवार-गुरुवार उत्तम. शनिवारी प्रार्थना असते, छायाचित्रं काढता येत नाहीत, आणि त्या दिवशी मांडव्याच्या लाँचला उभं राहायला जागा मिळणंही कठीण.